सिरीयलमधला बाबा नीट कसा बघायचा

पडद्यावरचा बाप चांगला दाखवलाय की वाईट, यावर लोक तासनतास भांडू शकतात आणि त्यातून काही म्हणजे काही निघत नाही, कारण प्रत्येकजण मनातल्या मनात स्वतःच्या वडिलांशी ताडून बघत असतो. म्हणून तो प्रश्नच आधी बाजूला ठेवा. एकच गोष्ट धरून बघायचं, की लेखकाने या माणसाला घरातलं काय काय माहीत असू दिलंय? बावळट बाबा, कडक बाबा, गोड बाबा, सुपरहिरो बाबा, सगळे या एका प्रश्नात उघडे पडतात. फक्त बघायचं कुठे ते कळलं पाहिजे, आणि हे सगळं त्याबद्दलच आहे.

सुरुवात कुठून करायची, तर एखादा अगदी साधा, मधलाच एपिसोड घ्या. पहिला नको, शेवटचा तर अजिबात नको, आणि फादर्स डे स्पेशल वगैरे असेल तर लांबूनच नमस्कार. त्या एपिसोडमध्ये लेखक जागा असतो, त्याला माहीत असतं की आज बापाबद्दल बोलायचंय, त्यामुळे तो सजवून बोलतो. मधल्या एपिसोडमध्ये विषय भलताच काहीतरी असतो, शेजाऱ्यांचं भांडण म्हणा, हरवलेली चावी म्हणा, आणि बाबा आपला नुसता मागे असतो. तिथे खरं काय ते कळतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, ती करायची तर शीत पण मधलं घ्यावं लागतं.

एकदा नेहमीसारखा बघा, मग दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. आवाज बंद केला की डायलॉगचा गोडवा निघून जातो आणि हात दिसायला लागतात, म्हणजे बाबाच्या हातात काय आहे ते. पेपर, रिमोट, लॅपटॉप, गाडीची किल्ली, की मुलाचा डबा, की झाडू? आईच्या हातात जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये काहीतरी काम असतं, अगदी ती नुसतं बोलत असली तरी कपड्यांच्या घड्या घालत बोलते, आणि बाबा मात्र रिकाम्या हाताने सोफ्यावर. हे दिग्दर्शकाने मुद्दाम ठरवून केलेलं असेलच असं नाही. बऱ्याचदा ते सवयीने होतं, आणि म्हणूनच ते बघण्यासारखं असतं.

आता मुख्य काम. कागद घ्या आणि बाबाला काय काय माहीत आहे ते लिहा. मुलाच्या शिक्षिकेचं नाव, औषध किती द्यायचं, मोजे कुठल्या कप्प्यात आहेत, मुलीची सध्या कोणाशी कट्टी आहे, असल्या बारीक गोष्टी. समजा एक सीन आहे, मुलाला रात्री ताप आलाय. बाबा थर्मामीटर हातात घेऊन उभा आहे आणि विचारतो "अगं हे कुठे लावायचं?" आणि हशा. आता हाच सीन असा करून बघा की बाबा काही न बोलता थर्मामीटर झटकतो, मुलाच्या काखेत ठेवतो आणि घड्याळाकडे बघत बसतो. सीनची लांबी तेवढीच, खर्च तेवढाच, नट तोच. तरीही पहिलाच जास्त लिहिला जातो, कारण दुसऱ्यात जोक नाही. पण पहिल्यात अजून एक गोष्ट चुपचाप होऊन गेली, की उत्तर आईला माहीत असणारच हे गृहीत धरलं गेलं. म्हणजे बाबाची फजिती झाली खरी, पण रात्रभर जागायचं काम आपोआप तिच्या गळ्यात पडलं. बावळट बाबा बघून "बघा पुरुषांची कशी बदनामी करतात" असं म्हणणारे आणि "हे तर बाईवर काम ढकलणं आहे" असं म्हणणारे, दोघं एकाच सीनबद्दल बोलत असतात आणि माझ्या मते दोघंही बरोबर असतात.

हा प्रकार काही आजचा नाही. अमेरिकेत १९४९ साली 'फादर नोज बेस्ट' नावाचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याच्या नावाच्या शेवटी चक्क प्रश्नचिन्ह होतं, म्हणजे बाबांना सगळं कळतं, हो का?, असा त्याचा सूर. १९५४ मध्ये तो टीव्हीवर आला आणि ते प्रश्नचिन्ह गायब झालं, बाबा एकदम समजूतदार, शांत, चांगल्या नोकरीतले, घरी आले की सगळ्यांचे प्रश्न सोडवणारे झाले. मग पुढे १९८९ मध्ये 'द सिम्पसन्स' ही कार्टून स्वतंत्र मालिका म्हणून आली आणि होमर सिम्पसन हा आळशी, खादाड, पोराचा गळा धरणारा बाप जगभर पसरला. लोक याला सरळ रेषेत बसवतात, की आधी बाप शहाणा दाखवायचे आणि मग मूर्ख दाखवायला लागले. पण तसं नाहीये. मूर्ख आणि शहाणा दोघं पहिल्यापासून शेजारी शेजारी आहेत, आणि कोण कुठला हे ठरवणारी गोष्ट म्हणजे पगार.

हे माझं डोकं नाही, रिचर्ड बुच नावाच्या माध्यम-अभ्यासकाने यावर बरंच लिहिलंय. त्याचं म्हणणं असं, की अमेरिकन टीव्हीवर हातावर पोट असलेला, कामगार वर्गातला पुरुष पुन्हा पुन्हा विदूषक म्हणून येतो, आणि डॉक्टर, वकील, मॅनेजर असलेला बाप मात्र समजूतदार येतो. नीट बघा, 'द फ्लिन्टस्टोन्स' या कार्टूनमधला फ्रेड फ्लिन्टस्टोन खाणीत काम करतो, 'ऑल इन द फॅमिली' मालिकेतला आर्ची बंकर कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी, होमर अणुवीज केंद्रात बटणांसमोर झोपा काढतो. म्हणून तुमच्या कागदावर पुढचा प्रश्न लिहा, की बाबा काय काम करतो आणि त्याच्या कामावरून त्याची अक्कल ठरवलीये का? आपल्याकडच्या, त्यांच्याकडच्या, कुठल्याही मालिकेला लावून बघा. ड्रायव्हर बाप आणि उद्योगपती बाप यांच्या चुका वेगवेगळ्या असतात, एकाची चूक गाढवपणा ठरते आणि दुसऱ्याची चूक ट्रॅजेडी.

पण हशा पिकला म्हणजे लगेच अपमान झाला असंही धरू नका, इथे बरेच लोक घाई करतात. जोक कोणावर आहे ते बघायचं. हा माणूस धांदरट आहे म्हणून हसतोय, की तो बाप आहे म्हणून धांदरट असणारच असं समजून हसतोय? 'पेपा पिग' या लहान मुलांच्या कार्टूनमध्ये डॅडी पिगच्या पोटावरून सतत जोक चालतात आणि बऱ्याच पालकांना ते खटकतं, समजू शकतो. पण त्यातलाच तो भिंतीवर फोटो लावायचा एपिसोड आठवा, खिळा ठोकताना भिंतीलाच भगदाड पडतं, पुढे काय, तर तोच विटा लावतो, प्लास्टर करतो, रंग देतो आणि भिंत होती तशी करून ठेवतो, पोरांना हाताशी घेऊन. म्हणजे बिघडवलं त्यानेच आणि निस्तरलं पण त्यानेच. हा फरक फार मोठा आहे. बिघडवलेलं कोण निस्तरतं हे लिहून ठेवा, मला विचाराल तर अख्ख्या कागदावरची ही सगळ्यात कामाची ओळ.

आणि होमरला पण एकदम मोडीत काढू नका. १९९५ चा एक एपिसोड आहे, धाकट्या मॅगीच्या जन्माचा. होमरने नावडती नोकरी सोडून आवडतं काम धरलेलं असतं, तेवढ्यात तिसरं मूल येणार हे कळतं आणि पैशासाठी नाक मुठीत धरून त्याला जुन्या साहेबाकडे परत जावं लागतं. साहेब त्याच्या टेबलासमोर पाटी लावतो, की विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस. घरी पोरं विचारतात, अल्बममध्ये मॅगीचा एकही फोटो कसा नाही? तर ते सगळे फोटो त्याने त्या पाटीवर अशा हिशोबाने चिकटवलेले असतात, की झाकून उरलेल्या अक्षरांत "तिच्यासाठी कर" एवढंच वाचता येतं. ज्या बाबाला मालिकेत कधीच काही कळत नाही, त्याला इथे एक गोष्ट पक्की कळलेली दाखवलीये. पण बघा हं, ती गोष्ट सुद्धा ऑफिसातच आहे, घराबाहेर. बापाचं प्रेम म्हणजे पगार आणणं, ही कल्पना एवढ्या थट्टेखोर मालिकेलाही ओलांडता आली नाही. मला तो सीन आवडतो, खूप आवडतो, आणि तरी हे खटकतं. दोन्ही एकदम होऊ शकतं.

आता कडक बाबा. याच्यासाठी वेगळी युक्ती लागते, कारण हा काही फजिती करून घेत नाही, हा नुसता बघतो आणि सगळे गप्प होतात. इथे कागदावर लिहायचं, की "हो" कोण म्हणतं आणि कोणाचं "हो" धरलं जातं. सगळ्यात सोपं उदाहरण 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे', १९९५. सगळ्यांना शेवट आठवतो, बापाने धरलेला मुलीचा हात, सुटत चाललेली गाडी, आणि मग हात सोडणं. पण त्याच्या बऱ्याच आधी सिमरनच्या आईने होकार देऊन टाकलेला असतो, दागिने काढून देते, घेऊन जा हिला म्हणते, आणि नायकच नाही म्हणतो, बापाच्या हातूनच घेईन म्हणतो. म्हणजे आईचा होकार मिळाला तरी पिक्चर संपत नाही, बापाचा मिळाला की लगेच संपतो. अमरीश पुरी वाईट बाप आहे की चांगला, हा वाद यात कुठे येतच नाही. त्याला मुलीबद्दल काय माहीत आहे? जवळजवळ शून्य. तरी क्लायमॅक्स त्याचा.

'दंगल' (२०१६) ला पण हेच लावून बघा. मुली बापाविरुद्ध अख्खं गाणं म्हणतात, तक्रार अगदी मोकळेपणी मांडलीये, छान. पण त्या तक्रारीला उत्तर बाप देत नाही. कोवळ्या वयात लग्न लागणारी त्यांची एक मैत्रीण म्हणते, की निदान तुमचे वडील तुमचा विचार तरी करतात, आणि तक्रार तिथेच विरघळते. म्हणून अजून एक ओळ वाढवा, की मुलं बापाबद्दल तक्रार करतात तेव्हा उत्तर कोणाच्या तोंडी घातलंय? बऱ्याच मालिकांमध्ये ते आईच्या तोंडी असतं, "तुझे बाबा बोलून दाखवत नाहीत, पण..." हे वाक्य तर एवढं झिजलंय की ते सुरू झालं की पुढचं आपणच पुरं करतो. बाबाला स्वतःचं मन स्वतः सांगायला भाग पाडणारा लेखक विरळा.

गोड बाबा बघताना सगळ्यात सावध राहा. तो एक भांडं घासतो आणि मागे बासरी वाजते. बॅकग्राउंड म्युझिक कधी सुरू होतं ते पकडा, खरंच सांगतो, फार मजा येते. आई तेच काम रोज करते तेव्हा सूर नाही, स्लो मोशन नाही, काही नाही. एखादं पात्र "आज बाबा मुलांना सांभाळतायत हं" असं म्हणालं तर तेही लिहून ठेवा, कारण स्वतःच्याच पोरांना सांभाळणं हा पाहुण्याचा उपकार असल्यासारखं ते वाक्य असतं.

आणि आई कुठे आहे? हा प्रश्न विसरायचा नाही. बापाला चांगलं पालक बनवायचं असेल तर कथेतून आधी आईला उचलतात, ही फार जुनी खोड आहे. 'फाइंडिंग नीमो' (२००३) मध्ये ती पहिल्या काही मिनिटांतच जाते, 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर' (१९७९) मध्ये ती घर सोडते. जणू ती घरात असताना बाबाने शिकायचं काही कारणच नाही. मात्र त्या दुसऱ्या सिनेमात एक गोष्ट इतकी नेमकी केलीये की ती उदाहरण म्हणून ठेवाच. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पोरासाठी फ्रेंच टोस्ट करायला जातो, अंडी कॉफीच्या मगात फोडतो, ब्रेड मगात बसत नाही म्हणून दुमडून कोंबतो, तोंडाने अखंड बडबड चालू, की बघ किती मजा येतीये, आणि शेवटी तापलेला पॅन हाताला लागतो आणि सगळं जमिनीवर. सिनेमाच्या शेवटाकडे तेच दोघं, तेच स्वयंपाकघर, तोच टोस्ट. पण आता बडबड नाही, कोणी कोणाला काही सांगत नाही, हात आपोआप चालतात. "मी आता चांगला बाप झालो" असं कोणालाच म्हणावं लागत नाही. असं काही सापडलं की समजायचं, लेखकाने बाबाला खरोखर काहीतरी शिकू दिलंय. सिरीयलमध्ये हे का सापडत नाही, तर त्याला धंद्याचं कारण आहे: सिटकॉमचा, म्हणजे विनोदी मालिकेचा, एपिसोड जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटांचा, पुढच्या आठवड्यात सगळं जिथल्या तिथे हवं, मग बाबा शिकला तर पुढचा गोंधळ घालणार कोण?

जाहिरातींना वेगळा कागद घ्या. तिथे तीस सेकंदात माणूस ओळखू यावा लागतो त्यामुळे साचा सगळ्यात उघड दिसतो. ब्रिटनमध्ये जून २०१९ पासून जाहिरातींत स्त्री-पुरुषांचे घातक साचे दाखवायला बंदी आली आणि ऑगस्टमध्ये त्या नियमाखाली पहिल्यांदा ज्या दोन जाहिराती थांबवल्या त्यातली एक बाबांचीच होती, फिलाडेल्फिया चीजची. दोन बाबा तान्ही बाळं घेऊन रेस्टॉरंटमध्ये, समोर खाण्याच्या प्लेट्स फिरवणारा पट्टा, खाण्याच्या नादात बाळं त्या पट्ट्यावर आणि निघाली गोल फिरायला, मग एकजण म्हणतो, आईला सांगायला नको. कंपनीचं म्हणणं काय होतं, तर दरवेळी आईच मुलं सांभाळताना दाखवतात म्हणून आम्ही मुद्दाम बाबा घेतले! हेतू तसा वाईट नव्हता असं धरलं तरी शेवटचं ते वाक्य बघा, खरी जबाबदार पालक आईच, हे त्या एका वाक्याने परत पक्कं केलं. म्हणजे बाबा पडद्यावर आणला म्हणून काम झालं असं नसतं. त्याच्या आधी २०१२ मध्ये अमेरिकेत हगीजने असंच केलं होतं, आमचा डायपर किती पक्का आहे ते बघायचं तर बाळ बाबाच्या हाती द्या, अशा थाटात, आणि बाबा लोकांनी एवढा गलका केला की जाहिरात बदलावी लागली.

मुलांबरोबर बघताना हे सगळं त्यांच्यावर लादू नका. चालू एपिसोड थांबवून भाषण दिलंत तर पोरं पुढच्या वेळी दुसऱ्या खोलीत जाऊन बघतील, एवढंच. संपल्यावर एखादा प्रश्न पुरे, आणि तो पण साधा. "त्यांच्या बाबांना ते का नाही माहीत?" किंवा "हे आईने केलं असतं तर तू हसला असतास का?" मुलं यावर फार भारी उत्तरं देतात, आपण नुसतं ऐकायचं, बरोबर-चूक करायला जायचं नाही. 'ब्लूई' ही कार्टून मालिका (२०१८ पासून, जेमतेम सात-आठ मिनिटांचे एपिसोड) यासाठी चांगली, कारण तिथला बाबा बँडिट खेळतो, दमतो, टाळाटाळ करतो, घरकाम पण करतो आणि कोणी टाळ्या वाजवत नाही. एक अडचण आहे, तो खेळायला इतका हजर असतो की बघणाऱ्या बापाला न्यूनगंड येतो. पोरांनी "तू तसं का नाही खेळत?" विचारलं तर सरळ सांगा, की त्याच्या सात मिनिटांत ऑफिसचा कंटाळा आणि भांड्यांचा ढीग फार दाखवावा लागत नाही. हे सांगणं म्हणजे पण बघायला शिकवणंच आहे.

रील्सना हाच कागद चालतो, फक्त एक प्रश्न जास्त, कॅमेरा कोणाच्या हातात आहे? बाबा मुलीची वेणी घालतोय आणि लाखो लोक भावूक झालेत, ठीक आहे, पण शूट कोण करतंय आणि त्या वेळी बाकीचं घर कोण बघतंय. शिवाय मुलगी रडत असताना प्रँक म्हणून चालवलेला व्हिडिओ असेल तर तिथे बाबा कसा दाखवलाय हा प्रश्नच राहत नाही, तिथे बाबा कसा आहे हेच दिसतं. पुढे पाठवू नका.

हे सगळं बघून कुठे लिहायचं असेल, किंवा चॅनलला कळवायचं असेल, तर "तुम्ही पुरुषांचा अपमान करता" असं मोघम लिहू नका, ते कोणी वाचत नाही. एपिसोड कुठला, किती मिनिटांनी, कोण काय म्हणालं, आणि तोच सीन कसा करता आला असता हे दोन ओळीत लिहा, वर सांगितलेल्या थर्मामीटरसारखं. लेखकाच्या टेबलावर पोचलंच तर त्याला उपयोगी पडेल असं काहीतरी त्यात हवं. आणि चांगलं दिसलं तर तेही कळवा, कारण तक्रारी सगळेच करतात, "त्या सीनमध्ये बाबाला औषधाचा डोस माहीत होता, बरं वाटलं" असं कोणी लिहीत नाही.